अळशीचा आळस

फार पूर्वी, अवजारांना माणसांपेक्षा जास्त मतं होती तेव्हाची गोष्ट. ठकूबाई कोष्टिणीने अळशीच्या काड्यांची पेंढी डबक्यात भिजत घातली. साल कुजल्याशिवाय आतला तंतू सुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. चरख्याच्या चातीला नव्हतं.

"कापसाचं सूत होऊनसुद्धा गेलं, आणि ही बया अजून पाण्यात लोळतेय!" चाती म्हणाली. "नाव अळशी आणि गुण आळशी!"

अळशी डबक्यात आणखी खोल रुतली. चिखलात पडून रुबाब करता येत नाही.

पुढे ठकूबाईने तिला वाळवलं, कुटलं, विंचरलं आणि कातायला घेतलं. धागा तुटला. पुन्हा तुटला.

"ठकूबाई, चुलीत घाला हिला," चाती खुशीत म्हणाली.

अळशी ओरडली, "बाई, मला कापसासारखं कोरडं नका हो कातू! बोटं ओली करून बघा."

"अगं, खरंच की! हाताला कापसाची खोड," ठकूबाई हसली आणि तिने बोटं पाण्यात बुडवली.

मग काय! चकचकीत धागा सरसर निघाला. चाती गरगर फिरून घामाघूम झाली.

"अगं बये, जरा तूट तरी! दम लागला मला."

अळशी खुदकन हसली आणि आणखी हातभर लांब झाली.