जानूने कडा घालवल्या

एका गावात जानू नावाचा भोळा सुतार होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, त्यात स्वतःची अक्कल मिसळायचा नाही. मिसळायला फारशी नव्हतीच म्हणा. सुतारकामात लोक त्याला कंटाळले, तेव्हा त्याच्या मावसबहिणीने, उज्ज्वलाताईने, त्याला हाताखाली घेतलं. ताई गावातल्या लोकांना वेबसाइट करून द्यायची.

त्या आठवड्यात बायकांच्या पापड मंडळाची वेबसाइट तयार झाली. शनिवारी अकरा वाजता शहरातले दुकानदार ती बघणार होते. पसंत पडली तर सतरा बायकांना वर्षभर काम मिळणार होतं. आणि अक्षरं दिसत होती करवतीच्या दातांसारखी.

"जानू, अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतात," ताई म्हणाली. "गुळगुळीत कर."

इतकं ओळखीचं काम जानूला इथे पहिल्यांदाच मिळालं. त्याने पॉलिशपेपर आणला आणि स्क्रीन घासला. दुपारपर्यंत स्क्रीन आंधळा झाला.

ताईने कपाळाला हात लावला. काचेला हात लावायचा नाही, अक्षरं बिघडली की फॉन्ट बदलायचा, असं तिने बजावलं.

दुसऱ्या दिवशी नव्या स्क्रीनवर चहा सांडला, अक्षरं बरबटली. जानूने काचेला हात लावला नाही. त्याने फॉन्ट बदलला. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत एकवीस फॉन्ट झाले आणि मुंग्या लागल्या. ताईने सांगितलं, अरे शहाण्या, आधी काच पुसायची, नीट दिसेपर्यंत पुसायची.

शुक्रवारी मंडळाच्या वत्सलाकाकू मोबाइल घेऊन आल्या. त्यांच्या फोनवर कडा अजून खरबरीतच होत्या. जानूने फोन पुसला.

"आता?"

"तशाच आहेत."

तासभर तो पुसत राहिला. शेवटी काकूंनी फोन हिसकावला. त्या रडकुंडीला आल्या होत्या.

ताईला आता रागापेक्षा भीती वाटत होती. रात्र व्हायच्या आत तिने स्वतःच बसून बऱ्याचशा कडा मऊ केल्या. सकाळी बायकांबरोबर शहराची एसटी पकडण्याआधी तिने जानूला एक फाइल दाखवली. सगळ्या पानांची अक्षरं या एका फाइलीवर चालतात, इथे बदललं की सगळीकडे बदलतं.

"एकदा नजर टाक," ती म्हणाली. "दुकानदारांना एकही कड दिसता कामा नये."

जानू भिंग घेऊन बसला. 'पापड'मधल्या 'ड'ला एक दात दिसला. आता फळीची कड बिघडली की सुतार काय करतो? फळीच्याच रंगाचा हात मारतो. पान पांढरं होतं. जानूने फाइलीत अक्षरांचा रंग पांढरा केला. सगळीकडे.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ताईचा फोन आला.

"जानू, नुसते फोटो दिसतायत. नाव नाही, भाव नाही, पत्ता नाही. दुकानदार उठले रे."

"ताई, अक्षराची एक तरी कड दिसते का?"

"नाही."

"मग त्यांना बसवून ठेवा. फोटोतल्या पापडांना कडा राहिल्यात. पाच मिनिटांत त्याही पांढऱ्या करतो."