अठ्ठीवरची जागा

लाल अठ्ठी मोकळी दिसली की काळ्या सत्तीने मुकाट्याने तिच्यावर जाऊन बसायचं आणि उलट विचारायचं नाही, असं पत्त्यांच्या एका जुन्या कॅटमधले राजे इस्पिकच्या सत्तीला कायम बजावत.

एकदा एकट्याने खेळायच्या डावात बदामचा एक्काच सापडेना. तो मिळाला नाही तर डाव मोडून सगळ्यांना पुन्हा पिसलं जाणार होतं. तेवढ्यात चौकटची अठ्ठी मोकळी झाली.

"ऊठ गं," आपल्या रांगेच्या मुळाशी ऐसपैस बसलेला इस्पिकचा राजा म्हणाला. "इतकी चांगली जागा पुन्हा चालून यायची नाही."

"अहो आजोबा, माझ्याखाली कुणीच दबलेलं नाही. मी हलून कुणाचं भलं होणार?" सत्ती वैतागली. "त्या किलवरच्या सत्तीखाली बघा, किती जण पालथे पडलेत! बाकी सगळे उघडे आहेत, म्हणजे एक्का तिथेच असणार."

"तू गेलीस की तुझी जागा रिकामी होईल. तिथे राजा बसेल."

"कुठला राजा? तुम्ही चौघं तर कधीचे बसलाय!"

बदामचा राजा खाकरला. "फार बोलतेस. आमच्या वेळी जागा दिसली की पत्ते हलायचे."

"आणि डाव सुटायचे का हो?"

बदामच्या राजाने घाईघाईने मुकुट सारखा केला.

"मी नाही हलणार," ती म्हणाली. "किलवरे, जा, तू बस."

किलवरची सत्ती बिचकत सरकली आणि तिच्याखालून बदामचा एक्का डोळे चोळत सुलटा झाला.