शेल्यांची सभा

पूर्वी वेत्रनगरात कोणीही राजा राज्य करीत नसताना बोधिसत्त्व तेथे एका चटया विणणाऱ्याच्या घरी थोरला मुलगा म्हणून जन्माला आला.

वेत्रनगर हे कोरकांचे गणराज्य होते. प्रत्येक घरातला कर्ता माणूस सभागृहात येऊन बसे आणि सगळे मिळून नगराचा कारभार ठरवीत. सभेचे नियम दोनच होते. शंभर जण आल्याशिवाय सभा सुरू होत नसे. आणि ठराव तीनदा मोठ्याने वाचला जाई. तिसऱ्या वाचनापर्यंत कोणी काही बोलले नाही, तर तो सगळ्यांना मान्य आहे असे धरले जाई.

माणसे जमवून मोजण्याचे काम ज्याच्याकडे असे त्याला गणपूरक म्हणत. बोधिसत्त्व मोठा झाल्यावर हे काम त्याला मिळाले. सकाळी तो चटया अंथरी, मग दारोदार जाऊन माणसांना बोलावी, आणि शेवटी मोजून "गण पूर्ण आहे" असे म्हणे. हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघेपर्यंत गणमुख्यालाही ठराव वाचता येत नसे.

बोधिसत्त्वाला उपल नावाचा धाकटा भाऊ होता. तो तापट होता आणि आधी करून मग विचार करी. बोधिसत्त्वाचा त्याच्यावर फार जीव होता. उपल कुठे भांडून आला की बोधिसत्त्व आधी त्याला जेवायला वाढी आणि मग विचारी, चूक कोणाची होती. पोट भरलेले असल्यामुळे उपल बहुतेक वेळा खरे सांगे.

एका वर्षी वारण नावाच्या म्हाताऱ्याचे गुडघे धरले. चाळीस वर्षे तो एकही सभा चुकला नव्हता. बोधिसत्त्व दारात आला तेव्हा तो खाटेवरून उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, "लेकरा, मला येववत नाही. पण माझी जागा रिकामी ठेवू नकोस. हा शेला तिथे ठेव."

बोधिसत्त्वाला गलबलून आले. त्याने शेला नेऊन वारणाच्या चटईवर नीट घडी घालून ठेवला. त्या दिवशी माणसे नव्याण्णव होती. त्याने शेला धरून शंभर मोजले आणि "गण पूर्ण आहे" असे म्हटले. कोणी हरकत घेतली नाही. उलट गणपूरक किती मायाळू आहे असे लोक म्हणाले.

पुढच्या सभेला एकाने पेरणी आहे म्हणून शेला पाठवला. दुसऱ्याच्या घरी पाहुणे होते. तिसऱ्याने कारण सांगितलेच नाही. दोन वर्षांत अशी गत झाली की सभेच्या दिवशी बोधिसत्त्व माणसांना बोलवायला निघे आणि डोक्यावर शेल्यांचा गठ्ठा घेऊन परते. काही जणांनी सभेसाठी म्हणून काठाचे नवे शेले विणून घेतले. बायका नदीवर ते धूत आणि हसत. एकीने दुसरीला म्हटले, "तुमचे हे नि आमचे हे तीन वर्षं बोलत नाहीत, पण सभेत बघ कसे मांडीला मांडी लावून बसतात."

शेले बोलत नसत. त्यामुळे वाचलेला प्रत्येक ठराव मंजूर होई. सभा लवकर संपे, आणि जे थोडे जण येत त्यांना हे बरेच वाटे.

शेजारी दंडपुराचे राज्य होते. तिथल्या राजाला ही बातमी लागली. त्याने आपले सैनिक नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडता येते त्या जागी, पाठवले आणि वेत्रनगराच्या बाजूच्या काठावर तंबू ठोकले. मग श्रेयक नावाचा गोड बोलणारा दूत नगरात आला. त्याने सभेपुढे ठराव मांडायला दिला, की उताराच्या रक्षणासाठी दंडपुराचे सैन्य कायम तिथे राहावे. वाचायला तो फार साधा वाटे.

उपलाने तंबू पाहिले. त्याने कोणाला विचारले नाही, घरी सांगितले नाही. तो सरळ गेला आणि मेखा उपटू लागला. चार तंबू खाली आले, पाचव्याला त्याला पकडले.

सभेच्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व चटया अंथरत असताना श्रेयक त्याच्याजवळ आला. राजाची मेख उपटणाऱ्याचा उजवा हात तोडतात, असा दंडपुराचा कायदा असल्याचे त्याने सांगितले. ठराव झाला तर दोन्ही नगरे मित्र होतील आणि मित्राच्या माणसाला शिक्षा नसते. उपल दुपारी घरी जेवायला येईल.

"आणि तुम्हाला कुठे नवीन काही करायचंय?" श्रेयक म्हणाला. "रोज जे म्हणता तेच आज म्हणा."

बोधिसत्त्व शेले मांडू लागला. मांडता मांडता त्याच्या हाती वारणाचा शेला आला. वारण अकरा महिन्यांपूर्वी वारला होता. बोधिसत्त्वाने स्वतः त्याच्या तिरडीला खांदा दिला होता. तरी मुलगा शेला पाठवत राहिला आणि बोधिसत्त्व मोजत राहिला. म्हातारा जिवंतपणी प्रत्येक सभेत कशाला ना कशाला विरोध करी. आता अकरा महिने तो सगळ्याला हो म्हणत होता.

सभागृहात सात माणसे बसली होती. गणमुख्याने विचारले, गण पूर्ण आहे का?

लहानपणी उपल त्याच उजव्या हाताने बोधिसत्त्वाचे बोट धरून चाले, ते त्याला आठवले. मग तो म्हणाला, "गण पूर्ण नाही. सात जण आले आहेत."

सातही जण चिडले. गणमुख्य म्हणाला की भाऊ अडकल्यामुळे याचे डोके ठिकाणावर नाही. एकाने टोमणा मारला, की दोन वर्षे याला मोजता येत होते, आजच कसे विसरला.

बोधिसत्त्व म्हणाला, "दोन वर्षं मी चुकीचं मोजलं. पहिला शेला मीच ठेवला. मला त्या म्हाताऱ्याची दया आली होती. दया खरी होती, मोजणी खोटी होती. मला तीन दिवस द्या."

श्रेयक हसून म्हणाला की त्याची हरकत नाही, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात शाबूत राहील.

बोधिसत्त्व गठ्ठा घेऊन घरी आला. आईला सगळे आधीच कळले होते. ती चुलीपुढे पाठ करून बसली होती.

"तीन शब्द," ती म्हणाली. "तीन शब्दांत माझं लेकरू घरी आलं असतं."

"हो, आई."

ती बराच वेळ रडली. बोधिसत्त्व तिच्याजवळ बसून राहिला. नंतर तिने डोळे पुसले, उठली आणि गठ्ठ्याची गाठ सोडली. "तू एकटा किती दारं फिरशील?" ती म्हणाली. "खालच्या आळीचे मला दे."

दोन दिवस मायलेक शेले परत करीत फिरले. बोधिसत्त्व प्रत्येक दारात एकच सांगे, की हा तुमचा शेला, मला याला काही विचारता येत नाही. कोणी लाजले, कोणी दार लावून घेतले. कोणी म्हणाले की आम्ही आलो काय नि न आलो काय, ठराव होतोच. गोमिल नावाचा कुंभार चाकावरून न उठताच म्हणाला, "माझ्या शेल्यानं कधी कुणाला विरोध केलाय? मग तक्रार कसली?"

"हीच तक्रार आहे, गोमिलकाका," बोधिसत्त्व म्हणाला, आणि शेला चिखलाने भरू नये म्हणून खुंटीला अडकवून पुढच्या दारी गेला.

खालच्या आळीत आई कारणे ऐकून घेत नव्हती. ती उंबऱ्यावर बसे आणि सांगे की हो म्हटल्याशिवाय उठणार नाही. बायकांनी तिला पाणी दिले आणि आपापल्या नवऱ्यांना आतून बाहेर काढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे चार माणसे आली. चटया कमी पडल्या. चौघे उंबऱ्याशी बसले. बोधिसत्त्वाने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहून मोजले आणि म्हटले, "गण पूर्ण आहे."

ठराव पहिल्यांदा वाचला गेला. कोणी बोलले नाही. दुसऱ्यांदा वाचला गेला. तेव्हाही कोणी बोलले नाही. इतक्या दिवसांत बोलायची सवयच मोडली होती. गणपूरकाला फक्त मोजण्याचा अधिकार होता, बोलण्याचा नव्हता. बोधिसत्त्व खांबाशी उभा राहून हात चोळत होता. दारात त्याची आई होती. गणमुख्याने तिसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली.

मध्येच गोमिल कुंभार उठला. त्याचे कान लाल झाले होते. "मला नीट बोलता येत नाही," तो म्हणाला. "पण मी माती त्या काठावरून आणतो. तिथं परक्याचे तंबू मला नकोत." एवढे म्हणून तो खाली बसला.

मग वारणाचा मुलगा बोलला. मग तिघे एकदम बोलू लागले, आणि दुपार व्हायच्या आधी ठराव पडला. तेव्हा कोणीतरी उपलाचे नाव घेतले. कोणी हत्यार घेतले नाही, कोणी मिरवणूकही काढली नाही. एकशे चार माणसे चपला घालून उताराकडे चालू लागली. त्यात म्हातारे पुष्कळ होते, आणि धापा टाकीत ते तंबूंपुढे जाऊन उभे राहिले.

सैनिकांच्या नायकाने श्रेयकाकडे पाहिले. श्रेयक शहाणा होता. तो म्हणाला, "मला महाराजांनी रिकाम्या सभागृहाकडे पाठवलं होतं. ही माणसं कोण आहेत ते त्यांनाच विचारावं लागेल. तोवर पोराला सोडा नि तंबू पलीकडे न्या." महाराजांनी विचार केला, आणि तंबू पलीकडेच राहिले.

घरी जाताना उपल रागावलेला होता. आपल्यासाठी थोरल्याला तीन शब्द बोलता आले नाहीत हे त्याच्या मनातून जाईना.

"दादा, मी तुझ्या जागी असतो तर बोलून टाकलं असतं."

"मला माहीत आहे. म्हणून तर ते काम तुझ्याकडे नाही."

उपल आणखी थोडा वेळ रागावून चालला. मग त्याला हसू आले. घरी आईने दोघांना एकाच ताटात वाढले. बोधिसत्त्व तीन दिवसांनी जेवत होता. उपलाचा उजवा हात भाताचा घास कालवत होता, तिकडे तो पाहत राहिला.

बोधिसत्त्व म्हातारपणापर्यंत जगला नाही. तो गेल्यावर ते काम उपलाकडे आले. तो दारोदार जाई, माणसांना शिव्या देई, पण शेला घेत नसे. तो होता तोवर सभा भरली. त्याच्या मागून आलेला गणपूरक मवाळ होता. एका पावसाळ्यात त्याने कोणाचा तरी एक शेला घेतला. पुढे दंडपुराचे सैन्य आले तेव्हा वेत्रनगरात लढाई झाली नाही. सहा माणसे आणि शेल्यांच्या घड्या यांनी एका सकाळी राज्य देऊन टाकले. आजही ग्रामसभेची वही घरी आल्यावर जो न वाचता सही करतो, आणि नगरपालिकेत जो ठराव न ऐकता मंजूर म्हणतो, तो आपला शेलाच पाठवत असतो. असा शेला मोजून घेणाराही त्यात आला.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा एका गणराज्याच्या नगराबाहेर आमराईत सांगितली. नगरातले वडीलधारे आपले राज्य किती दिवस टिकेल असे विचारायला आले होते. त्यांच्या मागे सेलक नावाचा तरुण भिक्खू बसला होता. त्याचा थोरला भाऊही भिक्खू होता आणि दोन महिन्यांपूर्वी तापाने गेला होता. तेव्हापासून सेलक रोज दोन पात्रे घेऊन भिक्षेला जाई, आणि भाऊ कुठे आहे असे विचारले तर मागून येतो आहे म्हणून सांगे. इतरांनी तक्रार केली होती. शास्ता त्याला रागावला नव्हता.

कथा संपल्यावर तो वडीलधाऱ्यांना म्हणाला, "तेव्हाचे कोरक तुम्हीच होता. श्रेयक आज आपल्या संघात भिक्खूंची चीवरे रंगवतो, आणि छान रंगवतो. ती आई म्हणजे इथे पाणी वाटणारी ही उपासिका." मग त्याने सेलकाकडे पाहिले. "उपल तू होतास. आणि तो गणपूरक मी होतो. त्या जन्मीही थोरला आधी गेला आणि तू मागे राहिलास."

सेलकाने विचारले, "भन्ते, तेव्हा मी किती दिवस रडलो?"

"पुष्कळ दिवस. पण दारोदार फिरता फिरता रडलास."

जो आला नाही त्याला आला न म्हणणे, जो गेला त्याला गेला म्हणणे, मग त्यात आपल्याच भावाचा हात गुंतलेला असला तरी, याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती पूर्ण केली.