रक्ताचा माग

ज्या काळी मालाची ने-आण बैलांच्या पाठीवरून होत असे, त्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध वस्ताद राहत होता. घाटात दोन भये होती, बिबट्या आणि वाटमारे. म्हणून प्रत्येक तांड्याबरोबर शस्त्रधारी राखणदार लागे, आणि तो या वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला असला की व्यापारी निर्धास्त होत. वस्ताद कट्यार शिकवी. लांब तलवार झाडोऱ्यात अडकते, असे तो म्हणे. शत्रूचा श्वास तोंडावर येईल इतक्या जवळून जिथे लढायचे, तिथे वीतभर पातेच कामाला येते.

त्याच्या आखाड्यात एक विचित्र रीत होती. कट्यारीला रक्त लागले तर ते लगेच पुसायचे नाही. ज्याचे रक्त सांडले त्याचा शेवटपर्यंत माग काढायचा, आणि मगच पाते पुसायचे. रक्ताने पोलाद गंजते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; पण वस्तादाला कारण विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

त्याचा एक शिष्य फार गुणी होता. हात चपळ, नजर स्थिर, आणि आपल्या चपळाईवर स्वतःच थोडा लुब्ध. एका व्यापाऱ्याने त्याला आपल्या तांड्याचा कायमचा राखणदार नेमायचे ठरवले होते. अट एकच होती. या खेपेला वस्तादाने बरोबर यावे, आणि घाटमाथ्यावर पोचल्यावर पोरगा लायक आहे असे आपल्या तोंडाने सांगावे.

पहिल्या मुक्कामी, दिवस कलताना, बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवणे चालू असतानाच बिबट्याने झेप घेतली. बैल हंबरले, माणसे पांगली. शिष्य मात्र पुढे झाला. त्याने घोंगडी डाव्या हाताला गुंडाळली, तो हात जनावराच्या जबड्यात दिला आणि उजव्या हाताने कट्यार मारली. बिबट्या गुरगुरत सुटला आणि मागचा पाय फरफटत कारवीच्या दाट रानात शिरला. जो तो शाबासकी देऊ लागला. व्यापाऱ्याने तर आपल्या हाताने त्याला गूळपाणी दिले. शिष्याने गवताला पाते पुसले आणि कट्यार म्यानात घातली.

वस्ताद जवळ आला. "कुठं गेला तो?"

"पळाला, वस्ताद. आता फिरून यायचा नाही."

"पातं पुसलंस तू."

"गंजलं असतं."

आपण हसतो या पोराला. पण आपल्या कमरेला कट्यार नसली म्हणून आपण वार करत नाही असे थोडेच आहे? भरल्या ताटावर एक शब्द असा बोलतो, की समोरचे माणूस घास टाकून उठते, आणि आपण हात धुऊन वामकुक्षीला मोकळे. पाते पुसण्यात आपल्याइतके तरबेज कुणी नसेल.

वस्तादाने आपली घोंगडी हाताला गुंडाळली आणि तो म्हातारा एकटाच कारवीत शिरला. शिष्याला लाज वाटली, भीतीही वाटली, पण तो मागोमाग गेला. बिबट्या एका बुंध्याशी पडला होता. खुब्यात खोल घाव होता. त्याने उठायचा प्रयत्न केला, तेव्हा वस्तादाने घोंगडीचा हात पुढे करून त्याला एका घावात संपवले. मग तो तिथेच धापा टाकत बसला.

"या पायानं त्याला हरीण धरता आलं नसतं," तो म्हणाला. "मग त्यानं गवत कापणाऱ्या बाईला धरलं असतं. त्या बाईला कुणी मारलं असतं, सांग बरं?"

शिष्याने मान खाली घातली. "मी."

"म्हणून जखमी तसाच सोडायचा नसतो."

शिष्याने ते वाक्य गाठीशी बांधले. अर्धवट कळलेली गोष्ट मुळीच न कळलेल्या गोष्टीहून घातक असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जिथे एका वेळी एकच बैल जातो अशा खिंडीत, वाटमाऱ्यांनी तांडा गाठला. एकजण कोयता उगारून थेट व्यापाऱ्यावर धावला. शिष्य मध्ये पडला. त्याने अंग चोरून कोयता चुकवला आणि खालून मांडीत कट्यार मारली. वाटमारा ओरडून मागे हटला. त्याचे रक्त पाहून त्याचे सोबती आले तसे पळाले, आणि तोही लंगडत उतारावरच्या दगडधोंड्यांत दिसेनासा झाला. व्यापारी वाचला होता. शिष्याने या वेळी पाते पुसले नाही. तशीच ओली कट्यार घेऊन तो रक्ताच्या थेंबांमागे उतरला.

तो माणूस एका खडकाला टेकून बसलेला सापडला. वयाने शिष्याएवढाच असेल. कोयता दूर पडला होता आणि दोन्ही हातांनी त्याने मांडी दाबून धरली होती. शिष्याला पाहून तो म्हणाला, "पाणी दे रे."

शिष्याचा हात क्षणभर थबकला. मग त्याला कारवीतला बिबट्या आठवला, गवत कापणारी बाई आठवली, आणि शिकवले होते तिथे, बरगडीखाली, त्याने कट्यार खुपसली.

मागून दगड घरंगळल्याचा आवाज आला. वस्ताद धडपडत उतरत होता. एका हातात पाण्याची कातडी पिशवी, दुसऱ्या हातात हळदीची पुडी, आणि जखम बांधायला सोडलेले पागोटे खांद्यावर. समोरचे दृश्य पाहून तो थांबला. मग तो त्या माणसाजवळ बसला, त्याचे डोके मांडीवर घेतले, आणि आता उपयोग नाही हे दिसत असूनही पागोट्याने बरगडीखालची जखम आवळून बांधू लागला.

"नाव काय बाळा तुझं?"

"सटवा," तो पुटपुटला. "बोरखोलचा." वस्तादाने त्याच्या तोंडात पाणी घातले. ते ओठांच्या कडेने बाहेर आले.

शिष्याचा आवाज चढला. "वस्ताद, चोर होता तो! जखमी सोडायचा नसतो, तुम्हीच म्हणालात ना काल?"

"म्हणालो." वस्तादाने मृताचे डोळे मिटले. "बिबट्याची जखम बांधता आली असती, तर ती मी बांधली असती रे. पण तो जवळ येऊ देत नाही. त्याला देण्यासारखं आपल्यापाशी मरणच उरतं. या माणसानं कोयता टाकला होता. पाणी मागितलं होतं. याला देण्यासारखं पुष्कळ होतं. तुझ्या पहिल्या वाराला मी बोल लावत नाही. तो घातला नसतास तर आज शेटजी मेले असते. पण माग काढायचा तो आपला वार कुठवर गेला हे पाहायला, आणि त्यातलं जे सावरता येईल ते सावरायला. हे मी काल बोलायला हवं होतं. आता उचल याला."

"कुठं?"

"बोरखोलला."

खिंडीत व्यापारी खवळला. "एका दरवडेखोराच्या मढ्यासाठी माझे बैल खोळंबून ठेवू? आणि हा पोरगा लायक आहे की नाही, ते तेवढं सांगून जा."

"तांडा पुढं न्या, शेटजी," वस्ताद शांतपणे म्हणाला. "ते मला अजून कळलेलं नाही."

तांडा घाट चढला आणि शिष्य प्रेत खांद्यावर घेऊन घाट उतरला. वस्तादाने वाटेत एकदाही हात दिला नाही. बोरखोल म्हणजे उतारावरची चार खोपटी. एक म्हातारी अंगणात नाचणी वाळत घालत होती. खांद्यावरून लोंबणारे पाय पाहूनच तिने ओळखले. ती रडली नाही. तिने पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग तिने विचारले, "कुणी केलं?"

शिष्याने वस्तादाकडे पाहिले. वस्ताद कुंपणापाशी उभा राहून समोरच्या डोंगराकडे बघत होता. चकमकीत गेला, असे म्हणता आले असते. त्यात अर्धे खरेही होते, आणि त्या म्हातारीला उरलेले अर्धे कधीच कळले नसते.

"मी," शिष्य म्हणाला. "तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं."

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिले. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

"आमच्यात पुरतात," ती अखेर म्हणाली. "पण घरात दुसरा गडी नाही. खड्डा कोण खणणार?"

शिष्याने कमरेची कट्यार सोडून उंबऱ्याबाहेर ठेवली, आणि कुदळ कुठे आहे ते विचारले.