रिषभाची पायरी

थांबा हो पाहुणे! त्या दुसऱ्या पायरीवर पाय नको. पहिलीवरून थेट तिसरीवर या. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू द्या. उतरताना मात्र तिथंच बसायचं आहे.

या सात पायऱ्या म्हणजे सात सूर, असं आमच्या गावात मानतात. पहिली षड्जाची, दुसरी रिषभाची. फार पूर्वी या देवळात भानबुवा गुरव गात असत म्हणे. रुद्राजी नावाचं एक पोरकं पोर त्यांनी पदरी घेतलं. स्वतः अर्धपोटी राहून त्याला जेवू घातलं आणि याच पायऱ्यांवर बसवून खमाज शिकवला. त्या रागात चढताना रिषभ वगळतात, उतरताना घेतात.

पोर मोठं झालं, दरबारी गवई झालं. बऱ्याच वर्षांनी राजेसाहेबांबरोबर देवदर्शनाला आलं. बुवांच्यानं आता वर चढवत नव्हतं. फाटकं घोंगडं पांघरून ते सकाळपासून या दुसऱ्या पायरीवर वाट बघत बसले होते.

"रुद्रा, आलास रे बाळा?" बुवांनी हात पुढे केला.

राजेसाहेबांनी विचारलं, "हे कोण?"

रुद्राजीला त्या घोंगड्याची लाज वाटली. "ठाऊक नाही, महाराज. असेल कोणी भिकारी," असं म्हणून तो बुवांना ओलांडून गेला. गावातल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं. पण राजापुढं बोलायचं कोणी? सगळे मूग गिळून बसले. आम्ही त्यांचेच वंशज, म्हणून हे सांगताना आजही मान खाली जाते.

हुजऱ्यानं बुवांना दरडावलं, तेव्हा ते म्हणाले, "चुकलं माझं. नजर अधू झालीय. मला वाटलं, माझा शिष्य आहे."

हे शब्द रुद्राजीच्या कानावर पडले. तो तसाच देवापुढं खमाज गायला बसला. आरोह झकास गेला. अवरोहात गंधारापर्यंत आला आणि आवाज अडला. पुन्हा घेतला, पुन्हा तिथंच. रिषभ काही लागेना. सभा खाली बघू लागली. तेवढ्यात खालून एका थकल्या, कापऱ्या गळ्यानं रिषभ लावला आणि सूर अलगद षड्जावर आणून ठेवला.

"हे कोण गायलं?" राजेसाहेबांनी विचारलं.

"माझे गुरू, महाराज. मघा खोटं बोललो," म्हणत रुद्राजी धावत उतरला आणि बुवांच्या पायांवर कोसळला. त्याला तोंड वर करवेना.

बुवा म्हणाले, "रडतोस कशाला? चढताना रिषभ सोडायचा, हे मीच शिकवलं ना तुला? उतरताना घेतलास. झालं तर मग."

रुद्राजी पुन्हा दरबारात गेला नाही, असं सांगतात.

आजही चढताना आम्ही ही पायरी वगळतो. उतरताना तिच्यावर बसायचं आणि आपण ज्याला चारचौघांत ओळख दिली नाही, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. भले भले बसलेत इथं. कोणी मास्तरांचं नाव घेतं, कोणी आईचं.

जा, दर्शन घेऊन या. तुम्ही उतराल तेव्हा मी तिकडं तोंड करून उभा राहीन.