बावखलातला क्रूस

इतर गावांत क्रूस उंच चौथऱ्यावर असतो, मान वर करून पाहावा असा. आमच्या खारवडीचा क्रूस मात्र बावखलात आहे. या जुन्या तळ्यात आता पाणी नाही. क्रूसाशी जायला पायऱ्या उतराव्या लागतात. तो असा खड्ड्यात का, त्याची हकीकत जुनी माणसं सांगतात.

फार पूर्वी इथं बस्त्याव नावाचा वाडीवाला होता. केळी पिकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. त्याची एकुलती लेक कोंसू तापानं फणफणली. औषधपाणी झालं, ताप हटेना. फुकटचं त्यानं कधी कुणाकडून घेतलं नव्हतं, देवाकडून तरी कसं घेणार? तो म्हणाला, "पोर वाचव. मी आधी टेकडीवर दगडी क्रूस उभारतो, कुणाचा हात लागू न देता." पाथरवटानं क्रूस गाडीत चढवून दिला, ते त्याच्या लेखी मदतीत धरायचं नव्हतं म्हणे!

पहाटे तो निघाला. वाट आटलेल्या बावखलातून होती. मधोमध चाक रुतलं, गाडी कलली आणि क्रूस चिखलात आडवा झाला.

शेजारचा दुमिंग धावत आला. पाटाच्या पाण्यावरून दोघांचं वैर होतं. "हात लावायचा नाही! नवस माझा आहे," बस्त्याव ओरडला. दुमिंगनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा बस्त्याव अंगावर धावून गेला. शेवटी दुमिंग काठावर बसून राहिला.

उन्हं चढली. खांदा सोलवटला, दगड तसूभर हलेना. पोर हातची जाणार हे भय बस्त्यावच्या मनात शिरलं. चिखलात गुडघे टेकून तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, "दुमिंगदादा, हात दे रे. मला नाही जमत."

दुमिंग खाली उतरला. "अरे बाबा, मी तुझ्या बायकोचा निरोप घेऊन आलो होतो. तू गाडी जुंपून गेलास आणि कोंसूचा ताप उतरला. उठून बसलीय, पेज मागतेय."

बस्त्याव ढसाढसा रडला. क्रूस अजून चिखलातच होता, आणि देवानं तर कधीच देऊन टाकलं होतं.

"आता वर नेऊ या?" दुमिंगनं विचारलं.

"नको. टेकडीवर लोकांना मीच दिसलो असतो. इथंच उभा करू."

आजही इथं कुणी आपली मेणबत्ती आपल्या हातानं लावत नाही. माणूस कितीही मोठा असो, पायऱ्या उतरतो आणि शेजारच्या अनोळखी माणसापुढं मेणबत्ती धरून म्हणतो, "तेवढी लावून द्याल का?"