फटफटीचा तंग

माणकगडच्या महाराजांची फटफटी पंक्चर झाली आणि मागचं चाक काही केल्या निघेना. आसाचा नट असा रुतला होता की तालमीतले दोन पहिलवान आळीपाळीनं लोंबकळून थकले. तोंड लहानमोठं होणारा पाना त्यांनी घेतला होता. तो दर वेळी सटकायचा, नटाच्या कडा झिजायच्या आणि पहिलवान पाठीवर आपटायचे.

“हा आवळला कुणी?” उदाजीराव महाराज गरजले.

“म्या, सरकार.” मोतद्दार रखमाजी पुढं आला. घोडी सांभाळणारा माणूस, म्हणून फटफटीही त्याच्याच गळ्यात पडली होती. “खोगिराचा तंग आवळताना घोडं पोट फुगवतंय. चार पावलं चालवून पुन्हा आवळावा लागतोय. म्हटलं, हीबी फुगवत आसंल. रोज फेरी झाली की गुडघा लावून आवळत हुतो.”

सगळी पागा खो खो हसली. महाराज मात्र हट्टाला पेटले.

“मग ऐक. वाड्यातल्या सगळ्यात नाजूक माणसानं एका हातानं हा नट सोडवायचा. पेटीतलं एकच हत्यार मिळेल. नाही जमलं, तर उद्यापासून पागेत पाय ठेवायचा नाही.”

रखमाजीचा चेहरा पांढराफटक पडला. पागेबाहेर त्याला जगच नव्हतं. त्याची मुलगी सगुणा खरारा करत होती. बापाची ती दशा पाहून तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. खरारा खाली ठेवून ती पुढं झाली.

“नाजूक माणूस कोण, ते सरकारांनीच सांगावं.”

“आमच्या आत्यासाहेब!”

आत्यासाहेब म्हणजे फुंकर मारली तर उडतील अशा, पण आवाजानं वाडा हलवणाऱ्या. पानाचा डबा घेऊन त्या आल्या आणि आल्या आल्याच कडाडल्या, “मी नाजूक? उदाजी, तुझा कान याच हातानं पिरगाळलाय मी!”

महाराजांचा हात नकळत कानाकडे गेला.

सगुणानं पेटीत शोधून नटाच्या सगळ्या कडांवर चपखल बसेल असा गोल तोंडाचा पाना निवडला. त्याचा दांडा मागच्या बाजूला येईल असा तो नटावर चढवला. फटफटी हलू नये म्हणून दोन्ही पहिलवानांना तिनं तिच्यावर बसवलं.

“आम्ही काय करायचं?” एकानं विचारलं.

“बसून ऱ्हायचं. तेवढं जमंल न्हवं?”

मग ती पागेच्या दाराकडे गेली, दारावरचं निशाण उतरवून अदबीनं तिथं उभ्या दिवाणजींच्या हाती दिलं आणि त्याची लांबलचक पोकळ पितळी काठी पान्याच्या दांड्यावर चढवली.

“हे दुसरं हत्यार झालं!” दिवाणजी ओरडले.

“पेटीतलं एक म्हटलं हुतं सरकारांनी. काठी पेटीत कवा हुती?”

महाराजांनी मिशी चावली, पण शब्द त्यांचाच होता. आत्यासाहेबांनी एका हातात पानाचा डबा धरला, दुसरा हात काठीच्या टोकावर ठेवला आणि नुसता भार दिला. कर्रर्र! नट फिरला. पहिलवान फटफटीवर बसूनच टाळ्या वाजवू लागले. रखमाजीनं घट्ट मिटलेले डोळे उघडले. सगुणाला एवढं हसू फुटलं की तिनं तोंडात पदर कोंबला.

पंक्चर निघालं, चाक जागेवर बसलं. पण महाराज असे सहज हरणारे नव्हते.

“आता आवळायचं. सैल राहिला तर चाक निसटून माझा कपाळमोक्ष, जास्त बसला तर पुन्हा हाच तमाशा. कमीजास्त झालं तर रखमाजीची नोकरी गेलीच. सांग, कोणतं हत्यार?”

“ह्योच पाना. काठी न्हाई लावायची.”

“आणि हात कुणाचा?”

“सरकारांचा.”

“माझा? तो का?”

“जीव सरकारांचा, म्हंजी सैल सोडणार न्हाई. आन् उद्या नट अडलाच, तर नोकरी कुणाची घालवायची ते सरकारांनी आपलं आपणच ठरवावं.”

पागेत घोड्यांनीही शेपट्या हलवायचं थांबवलं. मग महाराज हसले. पोट धरून, खोगिराच्या ढिगावर कोसळून हसले. आत्यासाहेबांनी पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठे थांबले. त्यांनी बाह्या सारल्या, गुडघे टेकले आणि स्वतःच्या हातानं नट बेताचा आवळला. रखमाजीला पागा कायमची मिळाली. हत्यारांच्या पेटीची किल्ली सगुणाच्या ओटीत पडली, आणि फटफटीवर पहिली फेरी कुणाची यावरून आत्यासाहेब आणि महाराज भांडू लागले.